वडिलांची सायकल आणि आमची साखर

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकारिणीने आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यकर्त्यांनी बँकेच्या परीक्षांविषयी बोलावे असे सुचविले होते. परंतु त्या विषयाची आमच्यापेक्षा ताजी माहिती असलेली मुले आज या सभागृहातच बसलेली आहेत. म्हणून आम्ही विनंती केली की, नोकरी कशी लागते यावर त्यांना बोलू द्या. नोकरी लागून वीस वर्षे झाली म्हणजे माणसाच्या शरीराचे काय होते, यावर आम्ही बोलतो.

आज फाटकाशी एका स्वयंसेवकाने आम्हांस विचारले, “सर, गाडी कुठे लावली?” आम्ही भिंतीला टेकवलेली काळी सायकल दाखविली. तो मुलगा सभ्य होता, हसला नाही. पण त्याने एकदा सायकलकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्याविषयीच आज थोडे बोलायचे आहे.

आम्ही डॉक्टर नाही की खेळाडू नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि २००५ साली बँकेत कारकून म्हणून लागलो. आज आमचे वय ४६ आहे. तेव्हा जे सांगणार ते अनुभवाचे, आणि जेथे अनुभव पुरत नाही तेथे वाचलेले.

वडिलांची सायकल

आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. हा कारखाना १८६९ सालचा. दापोडी, बोपोडी, खडकी या भागातील कितीतरी घरांच्या चुली त्या कारखान्याच्या भोंग्यावर पेटत आल्या आहेत. वडिलांनी तेथे अडतीस वर्षे काढली आणि २००३ साली ते निवृत्त झाले. ही सगळी वर्षे ते दापोडीहून हर्क्युलिस सायकलवर कामाला गेले. हँडलला जेवणाचा डबा, पँटच्या पायाला क्लिप, आणि परतताना कॅरिअरवर कधी दळण तर कधी रॉकेलचा डबा. पुण्याला त्या काळी सायकलींचे शहर म्हणत. पाळी सुटल्यावर रस्त्यावर जो सायकलींचा लोंढा येई, तो आम्ही लहानपणी पाहिला आहे. त्या लोंढ्यातून वडिलांची घंटी आम्हा भावंडांना दुरून ओळखू येई. त्याच सायकलच्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत, गुडघे फोडून घेत आम्ही सायकल शिकलो.

परंतु मित्रांनो, वडिलांचे त्या सायकलवर फार प्रेम होते असे आम्ही म्हणणार नाही. ती त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती, ती गरज होती. पावसाळ्यात भिजत जायचे आणि भिजत यायचे. १९७२ साली लूना आली, पुढे घरोघरी स्कूटर आल्या. कारखान्यातले एकेक सहकारी पायडल सोडून किक मारू लागले. वडिलांनी तो पैसा आमच्या फीला आणि पुस्तकांना लावला.

आम्हांस नोकरी लागली. २००६ साली कर्ज काढून मोटारसायकल घेतली. त्या दिवशी वडिलांनी गाडीला हार घातला आणि आपली सायकल पुसून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. म्हणाले, “आता या घरात कोणाला हिची गरज पडू नये.” त्यांच्या दृष्टीने ती सायकल म्हणजे एक पार केलेली नदी होती. २०१७ साली, ७४ व्या वर्षी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना साखरेची वा रक्तदाबाची गोळी लागली नाही. एका माणसावरून सिद्धान्त काढू नये हे आम्हांस कळते; पण ही गोष्ट आम्ही नोंदवून ठेवतो.

खुर्चीचा आजार

आमच्या आधीच्या पिढीतील कारकून सांगत की, पूर्वी बँकेत दिवसभर उठबस असे. खातेवही काढायला कपाटापर्यंत जायचे, व्हाउचर घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जायचे, जाडजूड वह्या उचलायच्या आणि ठेवायच्या. आता प्रत्येक खाते समोरच्या पडद्यावर येते. काम सोपे झाले, ग्राहकाचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पण आम्ही एकदा कुतूहलाने मोजले. दहा ते सहा या वेळात आम्ही खुर्चीवरून नऊ वेळा उठलो होतो आणि त्यांतील चार वेळा चहासाठी. घरापासून गाडी, गाडीपासून खुर्ची, खुर्चीपासून गाडी, गाडीपासून सोफा. असा आमचा सोळा वर्षांचा प्रवास झाला.

२०२२ च्या जून महिन्यात आमच्या शेजारच्या काउंटरवरील सहकारी हृदयविकाराने गेले. वय ४७. घराचे हप्ते चालू, मुलगी बारावीला. त्यांच्या जागेवर दोन आठवडे कोणी बसले नाही. आम्ही मात्र रोज त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे आणि मग आपल्या पोटाकडे पाहू लागलो.

ऑगस्टमध्ये आम्ही तपासणी करून घेतली. वजन ८४ किलो. कंबर ९८ सेंटिमीटर. रक्तदाब १४६/९४. उपाशीपोटी साखर ११८. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो एचबीए१सी नावाचा आकडा असतो, तो ६.२. विद्यार्थी मित्रांनो, हे आकडे आपल्या आईवडिलांच्या कागदांवर कसे वाचायचे ते समजून घ्या. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि १२६ पासून पुढे मधुमेह. सरासरी साखर ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे डॉक्टर सांगतात. आम्ही उंबरठ्यावर उभे होतो आणि एक पाय आत होता.

या उंबरठ्यावर आम्ही एकटे नव्हतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत.

डॉक्टर बाईंनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली. लिहिता लिहिता त्यांनी विचारले, “वडिलांना शुगर होती का?” आम्ही म्हणालो, “नव्हती.” “काय करायचे ते?” “कारखान्यात होते.” “कामाला कसे जायचे?” “सायकलने.” त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, “मग ती सायकल आता कुठे आहे?”

पोस्टमन आणि कारकून

त्या प्रश्नाने आम्हांस वाचायला लावले. वाचनात जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांचे काम आले, आणि ते इतके आपल्या जवळचे वाटले की येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

लंडनमध्ये दुमजली बस असत. चालक दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटांसाठी दिवसभर जिना चढ-उतार करणारा. दोघे एकाच थरातले, एकाच गाडीत काम करणारे. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की, चालकांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. हीच तुलना त्यांनी टपाल खात्यातही केली. एका बाजूस पायी आणि सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन, दुसऱ्या बाजूस टेबलाशी बसणारे कारकून. येथेही पोस्टमनच सरस ठरले. कारकुनाच्या खुर्चीवर बसून ही ओळ वाचताना आम्हांस काय वाटले असेल याची आपण कल्पना करावी.

मॉरिस प्रामाणिक होते. केवळ कामामुळेच हा फरक पडतो की आधीपासूनच स्थूल माणसे चालक होतात, अशी शंका येणारच. १९५६ साली त्यांनी बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली, अगदी तरुण वयातही. म्हणजे गोष्ट वाटते तितकी सरळ नव्हती. म्हणून त्यांनी पुढे कितीतरी वर्षे हे काम चालू ठेवले. १९९० साली त्यांनी ४५ ते ६४ वयाच्या नऊ हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सारे बसून काम करणारे. त्यांच्यातील जे जोरकस खेळ खेळत, भरपूर सायकल चालवत किंवा झपाझप चालत, त्यांना हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी होते. आणि महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तरुणपणी खेळून नंतर सोडून दिलेल्यांना त्या जुन्या खेळाचा फायदा मिळाला नव्हता.

मित्रांनो, “आम्ही कॉलेजात असताना रोज वीस किलोमीटर सायकल मारायचो” हे वाक्य आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या तोंडी असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तरुणपणीचा व्यायाम ही मुदत ठेव नव्हे की जी पन्नाशीत व्याजासह परत मिळेल. ते चालू खाते आहे. भरणा थांबला की शिल्लक संपली.

मग चाळिशी-पन्नाशीत खाते पुन्हा उघडता येते का? येते. डेन्मार्कमध्ये ५० ते ६५ वयाच्या ५२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची दीर्घकाळ पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. ज्यांनी या उतारवयात नव्याने सायकलची सवय लावून घेतली, त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण सायकल न चालवणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळले. डेन्मार्कचे रस्ते आपल्याकडे नाहीत हे खरे. पण मांडीचे स्नायू तेच आहेत. मांडी आणि नितंबाचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे. पायडल मारताना ते रक्तातील साखर ओढून घेतात, आणि काम करणारा स्नायू ती इन्सुलिनच्या मदतीवाचूनही घेऊ शकतो. शिवाय शरीराचा भार सीटवर असल्याने वजनदार माणसाच्या गुडघ्यांना पळण्यापेक्षा सायकल सोसते.

पहिला चढ

ऑक्टोबरमध्ये, दिवाळी झाल्यावर, आम्ही शेडमधून सायकल बाहेर काढली. दोन्ही टायर कुजलेले, चेन गंजलेली, सीटचे चामडे उंदरांनी खाल्लेले. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी नळीवर बोट मारून पाहिले आणि म्हणाले, “लोखंड चांगलं आहे, बाकीचं बदलू.” टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, छर्रे, ग्रीस, नवी सीट असे मिळून १८५० रुपये झाले. आमच्या गोळ्या-तपासण्यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती.

पहाटे साडेपाच वाजता, कोणी पाहू नये म्हणून, आम्ही निघालो. हॅरिस पुलाला चढ आहे हे सोळा वर्षे मोटारसायकलवरून जाऊनही आम्हांस कधी कळले नव्हते. त्या दिवशी कळले. पूल अर्धा होण्याआधीच छाती भात्यासारखी चालू लागली. आम्ही उतरलो आणि सायकल ढकलत पूल पार केला. वडिलांनी हा पूल अडतीस वर्षे, डबा आणि दळण घेऊन, पार केला होता. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या श्रमाचे वजन आमच्या पायांना समजले.

दुसरी चूक अशी की, चार दिवसांत आम्हांस हुरूप आला आणि रविवारी एकदम चौदा किलोमीटर मारले. सोमवारी गुडघा धरला. दुरुस्तीवाल्या काकांनी पाहताच सांगितले, सीट फार खाली आहे. पडण्याच्या भीतीने आम्हीच ती खाली घेतली होती. ती दोन इंच वर घेतली, आठ दिवस विश्रांती घेतली आणि गुडघा पुन्हा तसा दुखला नाही.

पण खरा चढ पुलाचा नव्हता. तो वस्तीचा होता. दिवस उजाडल्यावर परतू लागलो तशी विचारपूस सुरू झाली. “काय साहेब, पेट्रोल परवडेना का?” “गाडी बँकेने ओढून नेली वाटतं!” हे आम्ही हसण्यावारी नेले. आईचे बोलणे मात्र हसण्यावारी नेता आले नाही. तिने पहिल्या दिवशी सायकल दारात पाहिली आणि ती गप्प झाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अरे, तुला या सायकलवरून उतरवायला तुझ्या बाबांची हयात गेली. आणि तू परत तीच दारात आणून लावलीस?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आईचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या घरांत सायकल म्हणजे केवळ वाहन नाही, ती आपली मागची परिस्थिती आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या होत्या, त्यांनी महागडी सायकल घेतली की लोक तिला छंद म्हणतात. आपण घेतली की लोक विचारतात, काय झाले? त्या स्वयंसेवकाच्या पाहण्यात हाच प्रश्न होता, आणि त्यात त्याचा दोष नाही. इतकी वर्षे आम्हीही असेच पाहत होतो.

त्या रात्री आम्ही आईजवळ तपासणीचे कागद घेऊन बसलो. तिला आकडे वाचून दाखविले. ज्या सहकाऱ्याच्या घरी ती सांत्वनाला गेली होती त्यांची आठवण दिली. आणि म्हणालो, “बाबांना सायकल चालवावी लागत होती. मला ती चालवायची आहे. लावी लागणं आणि करावंसं वाटणं, यात फरक आहे की नाही?” ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने सायकलची सीट फडक्याने पुसून ठेवली होती. पुढे चार महिन्यांनी एकदा म्हणाली, “आता तिसऱ्या मजल्यावर पिशवी घेऊन चढतोस, तर मधे थांबत नाहीस.” आम्हांस मिळालेले ते सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र.

कचेरीतही प्रश्न आलाच. आमच्या शाखेच्या इमारतीत दुचाकींसाठी जागा होती, सायकलसाठी नव्हती. पहारेकरी म्हणाला, “ही मागे कचऱ्याच्या डब्याशेजारी लावा.” आम्ही दोन आठवडे तशी लावली. नंतर वाद न घालता एक साधा अर्ज दिला, की भिंतीला एक लोखंडी कडी बसवून मिळावी. कडी मिळायला तीन महिने लागले. आज तेथे चार सायकली असतात. त्यांतील एक शिपायाची आहे. तो पूर्वीपासूनच सायकलने येत होता आणि ती समोरच्या गल्लीत, कोणाला दिसणार नाही अशी लावत होता.

काही व्यवहारी सूचना

ज्या सभासदांना सायकल पुन्हा सुरू करावीशी वाटेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो.

पहिले म्हणजे, चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणे, चक्कर, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असे काही जाणवले तर तेथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर श्रमाने साखर एकदम खाली येऊ शकते. अशांनी डॉक्टरांना विचारून निघावे आणि खिशात साखर वा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत.

दुसरे, सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलकासा वाक राहतो. तो बरोबर.

तिसरे, वेग. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागावा. पहिला महिना पंधरा-वीस मिनिटेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्याची मिनिटे होतात १०,०८०. त्यांतील १५० म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. इतक्या कमी दराने कोणतीही बँक कर्ज देत नाही हे आम्ही खात्रीने सांगतो.

चौथे, रस्ता. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि अंगात फिकट रंगाचा सदरा. आमच्याकडे मागचा दिवा नव्हता तेव्हा एका टेम्पोने पहाटेच्या अंधारात आम्हांस इतक्या जवळून ओलांडले की हँडल थरथरले. त्याच दिवशी दिवा घेतला. हवा दर आठवड्याला पाहावी. कमी हवेत सायकल जड चालते आणि दोष आपण आपल्या वयाला देतो.

पाचवे, सायकल म्हणजे सर्व काही नव्हे. तिच्यात हाडांवर भार कमी पडतो, म्हणून थोडे चालणे, जिना, आणि आठवड्यातून दोन दिवस उठाबशा वा वजन उचलणे हेही हवे. आणि पंधरा किलोमीटर सायकल मारून चार वडापाव खाल्ले, तर हिशेब तोट्यातच जाणार.

हिशेब

आता जमाखर्च. पहिले तीन महिने आम्ही खडकीपर्यंत जाऊन परत येत होतो. नंतर आठवड्यातून तीन दिवस शिवाजीनगरच्या बाजूला असलेल्या शाखेत सायकलनेच जाऊ लागलो. एका बाजूचे सात-आठ किलोमीटर, पस्तीस-चाळीस मिनिटे. पिशवीत दुसरा सदरा आणि टॉवेल. चहात साखर बंद केली आणि रात्रीचा भात निम्मा केला, हेही सांगितले पाहिजे. सगळे श्रेय सायकलला देणे खोटेपणाचे होईल.

चौदा महिन्यांनी तपासले. वजन ८४ वरून ७८. कंबर ९८ वरून ९१, म्हणजे अजून एक सेंटिमीटर बाकी. उपाशीपोटी साखर ११८ वरून १०२. सरासरी साखर ६.२ वरून ५.८. रक्तदाब १३०/८४. रक्तदाबाची गोळी बंद झालेली नाही. डॉक्टर बाईंनी ती कमी मात्रेची केली. स्वतः होऊन गोळी बंद करण्याचा शहाणपणा आम्ही केला नाही आणि आपणही करू नये. म्हणजे आम्ही उंबरठ्यावरून अंगणात उतरलो आहोत असेही नाही, पण आत गेलेला पाय बाहेर काढला आहे. आज तीन वर्षे होत आली, पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर खाते चालू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्ही परीक्षा द्याल, नोकरीला लागाल, गाडी घ्याल. जरूर घ्या. तुमच्या आईवडिलांना त्या दिवशी आनंद होईल आणि तो आनंद त्यांनी कमावलेला आहे. पण सायकल विकू नका. आपल्यातील अनेक घरांत बसून पगार घेणारी आमची पहिली पिढी. आमच्या वडिलांना व्यायाम शोधावा लागला नाही, तो त्यांच्या मानगुटीवर बसलेला होता. आमच्या मानगुटीवरून तो उतरला आणि आम्हांस वाटले, सुटलो. गरज गेली हे चांगले झाले. पण गरजेबरोबर शरीराचे चलनवलनही गेले, हे कळायला आम्हांस एका सहकाऱ्याचा मृत्यू बघावा लागला. तुम्हांला तेवढी किंमत मोजावी लागू नये. आणि हे मुलींनाही तितकेच लागू आहे. आमच्या घरी आता सौभाग्यवतीही रविवारी सायकल घेतात. शाळेत असताना त्या चालवत, लग्नानंतर कोणी मना केले नव्हते आणि कोणी चालव म्हणालेही नव्हते.

शेवटी कार्यकारिणीस एक नम्र सूचना. आपल्या सभागृहाच्या आवारात मोटारसायकलींसाठी जागा आखलेली आहे. तिच्या शेजारी, मागच्या बाजूस नव्हे तर फाटकाशीच, आठ-दहा सायकलींचा एक साधा लोखंडी स्टँड बसवावा. अनेक घरांच्या शेडमध्ये वडिलांच्या सायकली गंजत पडल्या असतील. वर्षातून एक रविवार दुरुस्तीवाल्याला आवारात बोलावून त्या चालत्या कराव्यात. स्टँडच्या खर्चापैकी पहिले पाचशे रुपये आम्ही आजच कार्यालयात जमा केले आहेत. पावती आमच्या खिशात आहे.

वडील म्हणाले होते, या घरात कोणाला हिची गरज पडू नये. त्यांच्या मनातली ती गरज आता आमच्या घरात उरलेली नाही, आणि ती त्यांच्यामुळेच उरलेली नाही. आमच्या शरीराची गरज मात्र उरली आहे. ती भागविण्यासाठी त्यांचीच सायकल कामी आली, हे त्यांना सांगता आले असते तर फार बरे वाटले असते. ते तुम्हांला सांगितले.

वाटेत हॅरिस पूल आहे आणि अंधार पडण्याआधी तो पार करायचा आहे, म्हणून येथेच थांबतो.